किल्ली कोणाकडे?

वर्गणी भरून फोनवर उतरवून घेतलेले गाणे आपले झाले का?

स्पॉटिफायवर 320 किलोबिटचा दर्जा निवडून आम्ही तासभराचा यमन उतरवला. सेकंदाला 320 किलोबिट, म्हणजे तासाला सुमारे 144 मेगाबाइट (गणित करून पाहा!). ते सारे फोनमध्येच असतात, पण कुलूपबंद. महिनाभर इंटरनेट जोडले नाही किंवा वर्गणी थांबली, की यमन मुका.

ई-म्युझिक या सेवेच्या एमपी-थ्री फायलींना कुलूप नव्हते. वर्गणी सोडली तरी त्या वाजत. पण मग पहिल्याच महिन्यात सारा खजिना नेल्यावर पुढे वर्गणी कोण भरेल? 2003 मध्ये तेथे महिन्याला ठरावीकच गाणी मिळू लागली. कुलूप नाही, तर मोजदाद आली.

नवनवे ऐकून पाहायला भाड्याची सोय झकासच. शाळेत दरवर्षी लागणारे समूहगीत मात्र आम्ही सीडीवरच ठेवू.