डबा फिरवून वाचा: प्रोटीन पावडर निवडताना

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले: "दादा, प्रोटीन पावडर कुठली घेऊ?" ब्रँडचं नाव मी सांगणार नाही. डबा कसा वाचायचा ते सांगतो, कारण मी तो वाचला नव्हता आणि फटका बाबांना बसला.

झालं असं, की तीन वर्षांपूर्वी जिम लावली तेव्हा माझं वजन होतं 58 किलो. ट्रेनर म्हणाला, मास गेनर घे. मी 3,000 रुपये देऊन 3 किलोचा डबा उचलून आणला. पुढे ठळक अक्षरात 'प्रोटीन' आणि दंड फुगवलेला एक माणूस. बाबा तेव्हा माझ्याकडे पुण्यात राहायला आले होते. त्यांना बारा वर्षांपासून डायबेटिस. मी ऑफिसला गेलो, की फिरून आल्यावर ते दुधात दोन स्कूप घालून प्यायचे. पोरगं घेतंय म्हणजे चांगलंच असणार! तीन आठवड्यांनी तपासणी केली, तर उपाशीपोटीची साखर 214. एरवी 130 च्या आसपास असायची.

डॉक्टरांनी डबा मागवला, फिरवला आणि मागचा तक्ता माझ्यासमोर धरला. 100 ग्रॅममध्ये प्रोटीन 15 ग्रॅम, कार्बोहायड्रेट 76 ग्रॅम. घटकांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे डब्यात सगळ्यात जास्त तेच. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर. चवीला फारशी गोड नसते, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. आणि गंमत बघा, 'शुगर'च्या रकान्यात ती मोजत नाहीत, त्यामुळे तिथला आकडा छोटाच होता. दिवसभर लॉग वाचणारा मी, घरातल्या डब्याचा तक्ता काही वाचला नव्हता.

तेव्हापासून मी आधी भागाकार करतो. एका स्कूपमधलं प्रोटीन भागिले स्कूपचं वजन. 33 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 24 ग्रॅम असेल तर साधारण 73 टक्के, ठीक आहे. मग किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन. समजा असा 1 किलोचा डबा 2,400 रुपयांना आहे. त्यात 720 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे ग्रॅमला सव्वातीन-साडेतीन रुपये. माझ्या गेनरमध्ये 3 किलोत 450 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला साडेसहाच्या वर. किलोवर स्वस्त दिसणारा डबा प्रोटीनवर दुप्पट महाग!

आता व्हे म्हणजे काय? दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं ना, त्यातलं प्रोटीन. चीज करताना उरलेल्या त्या पाण्यापासून ही पावडर करतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण 70 ते 80 टक्के प्रोटीन आणि थोडं लॅक्टोज. आयसोलेटमध्ये 90 टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज नावाला. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर आयसोलेटचे जास्तीचे पैसे मोजा, नाहीतर कॉन्सन्ट्रेट पुरतं. दूध चालतच नसेल तर वाटाणा आणि तांदूळ एकत्र असलेली पावडर बघा. वाटाण्यात मेथिओनिन कमी, तांदळात लायसिन कमी, दोघं मिळून भरून काढतात. आपल्या वरणभातात हेच होतं.

एक फसवणूक ओळखून ठेवा. प्रयोगशाळेत बऱ्याचदा प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. मग काही जण ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो ॲसिड्स मिसळून आकडा फुगवतात. कोडच्या ओळी मोजून काम ठरवलं की लोक रिकाम्या ओळी टाकतातच, तसं. व्हेच्या घटकांत ही नावं वेगळी दिसली तर डबा खाली ठेवा. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर बघाच, पण त्यावरून परवाना आहे एवढंच कळतं. आतला माल कुणी तपासलाय असं नाही.

बरं, मुळात डबा लागतो का? आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार साध्या माणसाला किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन. 70 किलोला 58 ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांना साधारण 1.6 पर्यंत फायदा दिसतो, म्हणजे 112 ग्रॅम. मी आठवडाभर जेवण लिहून काढलं. वरणाची वाटी 6 ग्रॅमच्या आसपास, दोन अंडी 12, 100 ग्रॅम पनीर 18. बेरीज 75 वर अडकायची. मग 50 ग्रॅम कोरडे सोया चंक्स सुरू केले, त्यात 26 ग्रॅम मिळतं. आमच्या दुकानात 200 ग्रॅमचं पाकीट 50 रुपयांना, म्हणजे ग्रॅमला अर्ध्या रुपयाहून कमी. उरलेल्या तुटीसाठी अर्धा स्कूप व्हे पुरतो. (चंक्स उकळून, घट्ट पिळून मगच परता, नाहीतर वास जात नाही. आईचा सल्ला.)

किडनीचा त्रास किंवा वाढलेलं क्रिएटिनिन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही स्कूप नको. जुना डायबेटिस असेल तरी आधी तपासणी, कारण किडनी बिघडत असली तरी बरेच दिवस कळत नाही. बाबांची किडनी ठीक निघाली. गेनर बंद केल्यावर महिन्याभरात साखरही पूर्वीसारखी झाली. आता ते सकाळी दोन उकडलेली अंडी खातात, आणि मी कुठलाही नवा डबा आणला की चष्मा लावून आधी मागची बाजू बघतात.

तुमच्या डब्याच्या तक्त्याचा फोटो पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन घेऊन भागाकार करू. पुढची बाजू नका पाठवू.