क्लोन झाला, पण चालू होईल का?

बंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलापासून नागवाऱ्याच्या मान्यता टेक पार्कपर्यंतच्या पट्ट्यात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत लॅपटॉप बहुधा दोन असतात, एक कंपनीचा आणि एक घरचा. कंपनीच्या लॅपटॉपचा क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, घरी करू नये. त्यातला डेटा आपला नसतो. प्रश्न घरच्याचा आहे. जुना, फिरत्या हार्ड डिस्कचा, सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेणारा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपल्यावर अशी बरीच यंत्रं पुन्हा टेबलावर आली. एस. पी. रोडवर जुन्या डिस्कऐवजी बसवायची एसएसडी मिळते, बसवूनही मिळते. मग जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायला सॉफ्टवेअर कोणतं, एवढंच उरतं. लोक ते वेग आणि कमीत कमी क्लिक पाहून निवडतात. माझ्या मते ही निवड उलट्या टोकाकडून करायला हवी. कॉपी किती सोपी आहे हे नंतर. घेतलेल्या प्रतीवरून लॅपटॉप पुन्हा उभा करता येतो का, हे आधी.

वेगाचा मुद्दा तर हिशेबातच गळून पडतो. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचू देते. म्हणजे १ टीबी डिस्क रिकाम्या जागेसकट उचलायची तर पावणेतीन तास लागणारच, आणि वापरलेले २०० जीबीच उचलले तर अर्धा-पाऊण तास. सॉफ्टवेअर कितीही महाग असो, डिस्क त्याहून जोरात वाचत नाही. त्यात नवी एसएसडी यूएसबी २च्या पोर्टला लावली असेल तर काम आणखी रेंगाळतं. (जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते; मधेच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून.) फरक पडतो तो दुसरीकडे. १ टीबीवरून ५०० जीबीवर जायचं असेल तर पेनड्राइव्हवरून चालणारं मोफत क्लोनेझिला नेहमीच्या पद्धतीत नकार देतं, कारण त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. जुन्या डिस्कवरचे विभाग (पार्टिशन) आधी आवळून घ्यावे लागतात. विकतची बरीच सॉफ्टवेअर हे काम स्वतः करतात. विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप असेल तर पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला बहुधा आतलं काही दिसत नाही, म्हणून ते सगळे सेक्टर उचलतं. अशा वेळी ४८ अंकांची रिकव्हरी की आधी लिहून ठेवलेली बरी. आणि डिस्क कुरकुरत असेल, डिस्कच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ तपासणीत खराब सेक्टर दिसत असतील, तर नेहमीचं क्लोनिंग सॉफ्टवेअर नकोच. तिथे जीएनयू डीडीरेस्क्यू हवं: ते धडधाकट भाग आधी वाचून घेतं, खराब जागी नंतर परततं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं.

आता परत उभं करण्याबद्दल. क्लोन म्हणजे दुसरी चालती डिस्क. इमेज म्हणजे त्याच डिस्कची एका फाइलीत किंवा फोल्डरमध्ये बांधून ठेवलेली प्रत, जी उलगडायला तेच सॉफ्टवेअर लागतं. एकदाच डिस्क बदलायची असेल तर क्लोन पुरे. बॅकअप म्हणून वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर इमेज लागते, आणि मग ते सॉफ्टवेअर टिकेल का हा प्रश्न आलाच. एके काळी डिस्क उतरवणं म्हणजे नॉर्टन घोस्ट. २०१३मध्ये त्याची विक्री थांबली. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती घरोघरी होती; तीही बंद झाली. तैवानमध्ये घडलेलं क्लोनेझिला मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याची इमेज उघडण्याचा हक्क कोणत्याही परवान्यात अडकलेला नाही. पण सॉफ्टवेअर टिकलं तरी प्रत परत उतरते का, हे करून पाहिल्यावरच कळतं. ३१ जानेवारी २०१७ला प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच व्यवस्था कागदावर होत्या आणि ऐन वेळी त्यांतली एकही धड उपयोगी पडली नाही. जाणत्या अभियंत्यांची ही गत, तर घरच्या लॅपटॉपवरच्या ‘यशस्वी’ या हिरव्या खुणेवर किती भरवसा ठेवायचा?

यावर कोणी म्हणेल, फाइली क्लाउडवर आहेत, क्लोन हवाच कशाला? फक्त फोटो आणि पत्रं असतील तर खरंच नको. विंडोज कोरं टाकणं उत्तम. पण क्लाउडवर असतं ते बहुधा सिंक, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. शिवाय मराठी घरांतल्या जुन्या लॅपटॉपवर युनिकोडपूर्व फॉन्टमधले मजकूर असतात: कुणाचं हस्तलिखित, कुणाच्या मंडळाच्या स्मरणिका. फाइल टिकली आणि फॉन्ट किंवा त्याचा परवाना गेला, तर पडद्यावर नुसती चिन्हं उरतात. अशा मजकुरांसाठी अख्खी डिस्क उतरवणंच योग्य. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: क्लोनेझिलाचे निळे-करडे पडदे साध्या माणसाला घाबरवतात, आणि कुठून कुठे हे उलटं निवडलं तर जुनी डिस्कच पुसली जाते. हे मान्य. म्हणून केवळ डिस्क बदलायची असेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं साधन वापरावं. सॅमसंगचं सॅमसंगच्याच एसएसडीवर चालतं, ही मर्यादा लक्षात ठेवून. जपून ठेवायच्या प्रतीसाठी मात्र माझं मत क्लोनेझिलालाच. ते जमत नसेल तर विकतचं चालेल, पण पेनड्राइव्हवरून सुरू होऊन इमेज परत उतरवणारं हवं, आणि तो पेनड्राइव्ह पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्तीतच बनवून पाहावा.

काम दुकानात दिलं असेल तरी एक गोष्ट समोर करून घ्या. जुनी डिस्क बाहेर काढून, फक्त नव्यावर लॅपटॉप सुरू करा आणि चार जुन्या फाइली उघडून बघा. त्यानंतरही जुनी डिस्क महिनाभर पुसू नका, आणि दुकानात तर मुळीच सोडून येऊ नका.