जुनी स्पोर्ट्स कार : लिलावात विकावी की खासगीत?

विषय जाहीर झाल्यावर मला दोन-तीन फोन आले, की अहो, आपल्याकडे फेरारी विकायला बसलंय कोण? खरं आहे. मीही आयुष्यात फेरारी घेतलेली नाही. माझी नोकरी कॅलिफोर्नियात चिपच्या कारखान्यात गेली आणि गाड्यांचा नाद होता तो रविवारपुरता. पण २०२१ साली आमच्या तिथल्या मंडळातले एक मित्र अचानक गेले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९८७ ची पोर्शे ९११ उभी होती. ती विकायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. वहिनींनी मला एकच प्रश्न विचारला, "भाऊ, हिचे किती येतील?"

मला उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर शोधताना जे काही कळलं, ते आहे.

दिवसकार्य झाल्यावर पंधरा दिवसांत तीन माणसं येऊन गाडी बघून गेली. पहिले तर आपल्यातलेच होते. म्हणाले, "वहिनी, ४२ हजार डॉलर रोख देतो, कागदपत्रांचंही मीच बघतो, तुम्हाला त्रास नको." आता हे गृहस्थ लबाड होते का? मला आजही तसं वाटत नाही. ते पुन्हा येणार आहेत गोष्टीत, लक्षात ठेवा.

अडचण काय असते बघा. नवी गाडी असली की शोरूममध्ये किंमत लिहिलेली असते. पाच-सहा वर्षं वापरलेली असली तरी तशाच शेकडो गाड्या बाजारात असतात, त्यामुळे अंदाज लागतो. संग्राह्य गाडीचं तसं नाही. दोन ९११ एकाच वर्षी, एकाच रंगात कारखान्यातून बाहेर पडल्या असतील, पण एकीचं इंजिन मूळचं आहे आणि दुसरीचं बदललेलं आहे, एवढ्यानेच भावात मोठा फरक पडतो. याला तिथे 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात, म्हणजे कारखान्याच्या नोंदीतले क्रमांक आणि गाडीवर ठोकलेले क्रमांक जुळणं. मग रंग मूळचा आहे का, अपघात झाला होता का, दुरुस्तीच्या पावत्या आहेत का, आधीचे मालक कोण. १९८७ च्या ९११ मध्ये तर वर्षालाच महत्त्व आहे, कारण त्या वर्षी नवा जी-५० गिअरबॉक्स आला आणि गिअर टाकायला ती आधीच्या गाड्यांपेक्षा सोपी झाली. हे सगळं माहीत असलेला माणूस आणि काहीच माहीत नसलेल्या वहिनी, यांच्यातला सौदा बरोबरीचा कसा होणार?

आपल्याकडच्या जुन्या गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचे, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही की बैल कितीला गेला. खासगी विक्री म्हणजे ते उपरणं. आणि लिलाव म्हणजे मार्केट यार्डातली उघड बोली. बरं, उघड म्हटलं की आपल्याला वाटतं तिथे सगळं स्वच्छ. तसंही नाही.

मोठं उदाहरण घेऊ, कारण त्याचे आकडे जाहीर आहेत. फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते ६४ या काळात साधारण ३६ गाड्या बनल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरीला आरएम सदबीजच्या लिलावात त्यातली एक ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलरला गेली. तेव्हा लिलावात विकल्या गेलेल्या कुठल्याही गाडीसाठी हा उच्चांक होता. पण हातोडा किती आकड्यावर पडला? ४ कोटी ४० लाखांवर. वरचे ४४ लाख ५ हजार ही लिलावगृहाची अडत, जी खरेदीदार देतो. हिशेब असा: पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के, म्हणजे ३० हजार. उरलेल्या ४ कोटी साडेसदतीस लाखांवर १० टक्के, म्हणजे ४३ लाख ७५ हजार.

आता लिलावगृह विकणाऱ्याला सांगतं, की ही अडत खरेदीदाराची, तुमच्या खिशाला चाट नाही. इथेच मला हसू येतं. खरेदीदाराने घरून निघताना ठरवलेलं असतं की माझ्या खिशातून एकूण इतकेच जाणार. तो अडत वजा करूनच बोली लावतो. म्हणजे नाव खरेदीदाराचं, पण भार दोघांवर. त्याशिवाय विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतात. ते मात्र घासाघीस करून कमी होतं, आणि गाडी फारच दुर्मीळ असेल तर शून्यावरही येतं. अशा गाडीसाठी लिलावगृहं मालकाच्या मागे लागतात, किमान रकमेची हमीसुद्धा देतात. साध्या गाडीच्या मालकाला हे काहीही मिळत नाही.

दुसरी गोष्ट राखीव किंमत. विकणारा आतल्या आत एक आकडा ठरवतो, त्याच्या खाली गाडी द्यायची नाही. तो आकडा बोली लावणाऱ्यांना कळत नाही. आणि लिलावाच्या छापील अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की त्या आकड्यापर्यंत लिलाव पुकारणारा विकणाऱ्याच्या वतीने बोली लावू शकतो. म्हणजे तुम्हाला वाटतं मागच्या रांगेतला कुणीतरी चढवतोय, आणि मागे कुणीच नसतं. तिकडे याला 'झुंबराची बोली' म्हणतात, कारण पुकारणारा छताकडे बघून आकडा घेतो. (हशा) हे बेकायदा नाही. अटीत आहे, आणि तुम्ही अट वाचून सही केलेली आहे.

राखीव किंमत गाठलीच नाही तर गाडी परत. यात विकणाऱ्याचं खरं नुकसान आहे. बाजारातून परत आणलेल्या बैलाला पुढच्या आठवड्यात तोच भाव कुणी देत नाही. सगळ्या जगाने पाहिलेलं असतं की अमुक आकड्यावर बोली थांबली. याचं सगळ्यात विचित्र उदाहरण २०१९ चं, पुन्हा मॉन्टेरीचंच. १९३९ ची पोर्शे टाईप ६४ लिलावात आली. पुकारणारा म्हणाला 'थर्टीन', पडद्यावर उमटलं थर्टी. पुढे तसंच चालू राहिलं, लोक टाळ्या वाजवताहेत, फोनवर चित्रण करताहेत, आकडा ७ कोटींवर गेला. मग पुकारणाऱ्याने सांगितलं की सत्तर नव्हे, सतरा. १ कोटी ७० लाख. लोकांनी हुर्यो केली, बरेच जण उठून गेले, गाडी विकली गेली नाही. विचार करा, त्या मालकाचं काय झालं असेल.

अंदाजपत्रकावरही फार जाऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला १९६२ ची दुसरी एक जीटीओ आली, ६ कोटींच्या वर जाईल असं लिलावाआधी सांगत होते. हातोडा ४ कोटी ७० लाखांवर पडला. अडत धरून ५ कोटी १७ लाख. वर्तमानपत्रांत उच्चांक म्हणून छापून आलं, पण अंदाज चुकला तो चुकलाच.

मग खासगीत काय होतं? २०१८ मध्येच, वर सांगितलेल्या लिलावाच्या दोन-तीन महिने आधी, एक जीटीओ खासगीत सुमारे ७ कोटी डॉलरला गेली असं जगभर छापून आलं. लिलावाच्या उच्चांकापेक्षा कितीतरी जास्त. पण पावती कुणी पाहिली? खासगी सौद्याचा आकडा हा नेहमी कुणीतरी कुणालातरी सांगितलेला असतो. ज्याला आपली तशीच गाडी विकायची आहे तो मोठा आकडा सांगतो. ज्याला घ्यायची आहे तो ऐकूनच घेत नाही.

तरीही मोठे संग्राहक खासगीकडेच वळतात. नाव बाहेर येत नाही. गाडी परत आल्याचा डाग लागत नाही. आणि खरेदीदाराला निवांत वेळ मिळतो. लिलावात गाडी दोन-तीन दिवस मांडवात उभी असते, चालवून बघता येत नाही, 'जशी आहे तशी' घ्यायची. खासगीत तुम्ही तज्ज्ञाला घेऊन जाता, लिफ्टवर चढवता, इंजिनातला दाब मोजता, मागच्या चाळीस वर्षांचे कागद वाचता. माझ्या मते घेणाऱ्यासाठी ही एकच गोष्ट बाकी सगळ्यावर भारी आहे.

पण करार नीट लिहा. दोन खटले सांगतो, दोन्ही इंग्लंडमधले. २०१७ मध्ये लंडनच्या एका व्यापाऱ्याने अमेरिकन संग्राहकाकडून जीटीओ खासगीत घेतली, ४ कोटी ४० लाख डॉलरला. गाडी आली, पण तिचा मूळ गिअरबॉक्स तिच्यात नव्हता, तो अमेरिकेत तिसऱ्याच माणसाकडे होता. तो मिळवून द्यायची जबाबदारी कुणाची, किती काळात, यावर दोघे कोर्टात गेले. २०२० मध्ये हायकोर्ट, २०२१ मध्ये अपील. एवढ्या पैशांच्या गाडीत भांडण एका सुट्या भागावर! पण मघाशी म्हटलं ना, मूळ भाग हीच किंमत.

दुसरा खटला १९९० चा. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली, १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकलेली. खासगी सौदा ठरला, रक्कम १ कोटी पौंडांच्या घरातली. मग खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नाही, हिचे बहुतेक भाग शर्यतींच्या काळात बदललेले आहेत. न्यायाधीशांनी सगळा इतिहास तपासला. भाग बदलत गेले हे खरं, पण गाडी एक दिवसही मोडीत निघून दुसरी उभी राहिलेली नाही, ती सलग तीच आहे, असा निकाल दिला. सौदा कायम. आजीची गोधडी आपण ठिगळं लावत वापरतो, शेवटी मूळ कापड किती उरतं? तरी ती आजीचीच. पण सगळीच कोर्टं गोधडीचा विचार करतील असं समजू नका. (हशा)

या दोहोंच्या मधलाही प्रकार आहे. मे २०२२ मध्ये मर्सिडीजने १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे विकली. अशा दोनच बनल्या होत्या, दोन्ही कंपनीकडेच. स्टुटगार्टच्या संग्रहालयात लिलाव झाला, पण निमंत्रितांपुरता. १३ कोटी ५० लाख युरो. बोली उघड, मांडव बंद.

आता वहिनींकडे येतो.

आम्ही आधी गाडीचे कागद वहिनींच्या नावावर करून घेतले. मग मित्राच्या कपाटातल्या पावत्या काढल्या. इंजिनिअर माणूस, प्रत्येक तेलबदलाची पावती वर्षावार लावलेली. वहिनी एकेक पावती हातात घेऊन बघत होत्या, काही बोलत नव्हत्या. मोठ्या मांडवाच्या लिलावात ही गाडी नेण्यात अर्थ नव्हता, वाहतूक आणि कमिशनमध्येच बरंच गेलं असतं. म्हणून इंटरनेटवरचा लिलाव निवडला. तिथे साधारण सात दिवस बोली चालते, खरेदीदाराकडून ५ टक्के घेतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर घड्याळ पुन्हा दोन मिनिटं वाढतं, म्हणजे शेवटच्या सेकंदाला येऊन कुणी गाडी पळवू शकत नाही. दीडशेच्या वर फोटो टाकले. इंजिनाखालचा तेलाचा डागसुद्धा मी मुद्दाम टाकला. जुन्या हवेवर थंड होणाऱ्या पोर्शेतून तेल गळतंच, तो लपवून काय करणार? लोकांनी प्रश्न विचारून भंडावून सोडलं, रंगाची जाडी मोजून टाकायला लावली.

राखीव किंमत ६० हजार ठेवली होती. पहिली बोली ९,११० डॉलर, ही तिथली गंमत आहे. सहाव्या दिवशी आकडा ३९ हजारांवर अडला. रात्री वहिनींचा फोन, "भाऊ, ४२ ला देऊन टाकायला हवी होती का?" मला खरंच झोप आली नाही. शेवटच्या दिवशी चौदा मिनिटांत ३९ चे साडेअडुसष्ट हजार झाले. टेक्सासच्या एका शिक्षकाने घेतली. अडतीसह त्याला ७१,९२५ पडली.

आणि ते पहिले गृहस्थ? तेही बोली लावत होते. ६१ हजारांपर्यंत आले. मी नंतर त्यांना विचारलं, अहो, तुम्ही तर ४२ म्हणत होतात. ते म्हणाले, "मला तेवढीच वाटत होती. दुसरे देताहेत म्हटल्यावर वाटलं, तेवढ्याची असेल." ते खोटं बोलत नव्हते. भाव त्यांनाही माहीत नव्हता, तो त्या चौदा मिनिटांत सगळ्यांनी मिळून शोधला. याची उलटी बाजू म्हणजे जो जिंकतो तो सगळ्यांत जास्त आशावादी असतो. शिक्षकाचा महिन्याने मेल आला, तेल जास्त गळतंय म्हणून. मी फोटो क्रमांक कळवला.

(श्रोत्यांतून प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९६२ ची फियाट आहे. तिचं काय करावं?)

फियाट स्पोर्ट्स कार नाही, पण प्रश्न तोच आहे. आपल्याकडे बहुतेक सौदे खासगीतच होतात, म्हणून मागचे भाव बघायला मिळत नाहीत. अलीकडे मुंबईतल्या अ‍ॅस्टागुरूसारखी लिलावगृहं विंटेज गाड्या विकायला लागली आहेत, त्यांचे आकडे बघत जा. २०२१ पासून केंद्राचा नियम आहे की पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून वेगळी नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात. पण भावाचं नंतर. आज घरी गेल्यावर आरसी बुक काढा आणि नाव कुणाचं आहे ते बघा. वडिलांचंच असेल तर भावंडांच्या सह्या आधी घ्या, गाडीला गिऱ्हाईक यायच्या आत. एकदा कुणी आकडा बोललं, की त्या सह्या मिळायला वेळ लागतो.