शिबिराच्या जेवणाचा हिशेब आधी मांडा



राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिची श्रमदान शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात. नेमकी तेव्हाच आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे राहिलेल्या आयाबायांवर ५० पोरांच्या भाकरी लादू नका.

दिंद्रुडला तरुणांचे दोन दिवसांचे शिबिर घ्यायचे तर हिशेब असा धरा. कष्टाच्या पोराला वेळेला ३ भाकरी, म्हणजे १५० भाकरींना सुमारे १५ किलो ज्वारीचे पीठ. सोबत अडीच किलो तूरडाळ. कामाच्या मधल्या सुट्टीत शेंगदाणे-गूळ. वरण त्या त्या वेळेलाच शिजवा. रात्रीचे उरलेले सकाळी वाढू नका. भाकरी थापायला, भांडी घासायला पोरापोरींच्याच पाळ्या लावा. तेही श्रमदानच!

– ऊसविकास अधिकारी