खांदेरी : दुर्ग, दीपगृह आणि वेताळ

अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोरचे खांदेरी बेट मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील सागरी मार्गावर आहे. म्हणूनच १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी येथे दुर्गबांधणी आरंभिली, तेव्हा मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. परंतु वाऱ्यावर अवलंबून असलेल्या जड जहाजांना वल्ह्यांनी चालणाऱ्या हलक्या मराठी होड्या रोखता आल्या नाहीत. थळहून सामग्री येत राहिली, तट उभा राहिला. १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे मांडले, ते याच धास्तीपोटी. दीपगृह पुढचे, १८६७ चे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाच्या १२ दुर्गांत खांदेरीचा समावेश आहे. नोंद अर्थातच लष्करी महत्त्वाची. कोळी समाज मात्र या बेटाला वेताळाचे स्थान म्हणून ओळखतो. तेथे हा देव शिळारूपाने पूजिला जातो. तट व तोफा पाहून परतणाऱ्या अभ्यागताच्या दृष्टीतून हे स्थान सहज निसटते. संवर्धनाच्या आराखड्यातूनही ते निसटले, तर बेटाशी अखंड राहिलेला संबंधच नोंदीबाहेर जाईल. अभ्यागतास बेटावर नेणारी होडीही बहुधा थळच्या कोळ्यांचीच असते.