एका टिकमार्कचं दशक

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट मोडीत काढायचं जाहीर केलं, तेव्हा फारसं कुणाला काही वाटलं नाही. वेबपानांतून ती भाषा कधीच हद्दपार झाली होती. पुढे वेळापत्रक आलं, त्यात एक्सेलच्या मॅक्रोंचा उल्लेख आला आणि आमच्यासारख्यांना ते झोंबलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून व्हीबीस्क्रिप्ट ऐच्छिक घटक झाली आहे. २०२७ च्या सुमारास ती मुळातच बंद असेल आणि त्यानंतर विंडोजमधून कायमची जाईल. ज्या फाइलमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट व्हीबीस्क्रिप्ट रेग्युलर एक्स्प्रेशन्स ५.५’ या, मजकुरातले नमुने शोधणाऱ्या, लायब्ररीचा रेफरन्स जोडलेला आहे, तिच्या पायाखालची लायब्ररीच त्या दिवशी नाहीशी होईल. बिनबोभाट चालणाऱ्या अशा फायली आमच्या कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात कारखान्यांत आहेत, पतसंस्थांत आहेत, शाळांच्या कार्यालयांतही आहेत. लिहिणारे दुसरीकडे निघून गेले. रेफरन्सची यादी कुठे उघडायची हेसुद्धा आता तिथल्या कुणाला माहीत नसतं.

या फायली कशा घडल्या ते सांगायचं, तर सुरुवातीच्या वर्षांवर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. व्हिज्युअल बेसिक, म्हणजे व्हीबी, १९९१ मध्ये आलं, एक्सेल ५ बरोबर १९९३ मध्ये मॅक्रो लिहायचं त्याचं रूप, व्हीबीए, आलं. आमच्याकडे तेव्हा फॉक्सप्रो चालायचं आणि डॉट मॅट्रिक्सवर रिपोर्ट निघायचे. कागद फाडून साहेबांच्या टेबलावर ठेवला की काम संपलं.

खरं दशक सुरू झालं ते १९९८ मध्ये, व्हीबी ६ आलं तेव्हा. प्रोजेक्ट मेनूत ‘रेफरन्सेस’ म्हणून एक ओळ होती. ती उघडली की मशीनवर नोंदलेल्या लायब्रऱ्यांची लांबलचक यादी यायची. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल ८.० ऑब्जेक्ट लायब्ररी’ शोधायची, समोरच्या चौकोनात टिक करायची, ओके म्हणायचं. तेवढ्यावर आख्खं एक्सेल तुमच्या प्रोग्रामच्या हाताखाली यायचं. ‘एक्सेल’ टाइप करून टिंब दिलं की आत काय काय आहे ते उलगडत जायचं: वर्कबुक, त्यात वर्कशीट, त्यात रेंज. एफ२ दाबलं की ऑब्जेक्ट ब्राउझरमध्ये प्रत्येक गुणधर्म, प्रत्येक मेथड, प्रत्येक स्थिरांक दिसायचा. एखादी गोष्ट कशी करायची हे कळेना, तर एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करायचा, ती गोष्ट हाताने करायची आणि एक्सेलनेच लिहिलेला कोड वाचायचा. इंग्रजी पुस्तकं परवडत नव्हती, इंटरनेट तासाच्या भावाने मिळायचं, अशा काळात जिल्ह्याच्या गावातल्या मुलाला इतका सरळ शिकवणारा गुरू दुसरा नव्हता.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं काम माझ्याकडे होतं. हीट नंबरप्रमाणे, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याप्रमाणे, कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे ॲक्सेसच्या टेबलात पडायचे आणि पुण्याच्या वाहन कंपन्यांना ते त्यांच्याच फॉरमॅटमध्ये हवे असायचे. फॉरमॅट अर्थातच एक्सेलचा. त्याच सुमारास एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स गावोगाव पोचला आणि शिफ्ट इनचार्जपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांना एक्सेल ओळखीचं झालं. छापील रिपोर्ट कुणालाच नकोसा झाला. ‘सर, शीट काढून द्या की, आम्ही बघतो पुढचं,’ ही मागणी मी त्या वर्षांत सगळीकडे ऐकली. आमचं सॉफ्टवेअर लोकांना आवडलं त्याचं कारण तेच. आकडे त्यांच्या हातात यायचे आणि त्यांना त्यात स्वतःला काही करता यायचं.

अडचणी होत्याच, आणि त्या नीट समजून घेतल्या त्यांचाच निभाव लागला. एक्सेल ९७ चा क्रमांक ८.०, २००० चा ९.०, एक्सपीचा १०.०, २००३ चा ११.०. ऑफिस २००३ वर बनवलेली फाइल, तिच्यात आउटलुकचा रेफरन्स, आणि ती ऑफिस २००० असलेल्या मशीनवर उघडली की यादीत त्या नावाआधी ‘मिसिंग’ लागायचं. चूक मात्र दाखवली जायची भलत्याच ठिकाणी. ‘लेफ्ट’, ‘फॉरमॅट’, ‘डेट’ अशा निरुपद्रवी फंक्शनवर निळी पट्टी यायची आणि ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असा संदेश. तारखेचं फंक्शन का बिघडलं हे शोधण्यात लोकांच्या दुपारच्या दुपारी गेल्या. बिघाड रेफरन्सच्या यादीत असायचा.

उपाय होता लेट बाइंडिंगचा. रेफरन्स जोडून कोड लिहायचा, म्हणजे टिंबानंतरची यादी मिळते. काम झालं की टिक काढायची, व्हेरिएबलचा प्रकार नुसता ‘ऑब्जेक्ट’ करायचा आणि ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने मशीनवर असेल ते एक्सेल उचलायचं. मग कुठलीही आवृत्ती चालते. फक्त लायब्ररी गेली की तिचे स्थिरांकही जातात, ते आकड्यांत लिहावे लागतात. ‘एक्सएल-अप’ म्हणजे उणे ४१६२, ‘एक्सएल-सेंटर’ म्हणजे उणे ४१०८. हे आकडे मला आजही पाठ आहेत.

दुसरा ताप टास्क मॅनेजरमध्ये दिसायचा. प्रोग्राम बंद झाला तरी ‘एक्सेल.ईएक्सई’ आत बसून राहायचं, संध्याकाळपर्यंत अशा पाच-सहा प्रती साचायच्या आणि मशीन रांगायला लागायचं. व्हीबीच्या कोडमध्ये मालक न सांगता नुसतं ‘रेंज’ किंवा ‘ॲक्टिव्हशीट’ लिहिलं, की पडद्याआड एक्सेलवर एक छुपी पकड बसते आणि ‘क्विट’ म्हणूनही ते सुटत नाही. दुसऱ्यांदा रिपोर्ट काढायला गेलं की ४६२ क्रमांकाची चूक. प्रत्येक रेंजच्या आधी तिची शीट लिहायची, शेवटी प्रत्येक ऑब्जेक्ट ‘नथिंग’ करायचा, आणि हजारो आकडे सेलगणिक न भरता ॲरेत गोळा करून एका फटक्यात रेंजला द्यायचे. एवढी शिस्त पाळली की मिनिटांचं काम सेकंदांवर यायचं. ही शिस्त आम्ही एकमेकांना फोनवरून शिकवली.

मराठीचा जाच वेगळाच. विंडोज २००० आणि एक्सपीपासून सेलमध्ये युनिकोड देवनागरी सुरेख दिसू लागली, पण कोड लिहायच्या खिडकीला ती आजतागायत कळलेली नाही. तिथे ‘मराठी’ टाइप करा, प्रश्नचिन्हं उमटतात. मग ‘म’साठी सीएचआरडब्ल्यू २३५०, ‘र’साठी २३५२, काना २३६६, असे आकडे जोडत शब्द बांधायचे. त्याहून बरा मार्ग म्हणजे सगळे मराठी शब्द एका लपवलेल्या शीटवर ठेवायचे आणि कोडने तिथून वाचायचे. पतसंस्थांच्या कितीतरी पावत्या अशा लपवलेल्या शीटवर उभ्या आहेत. व्हीबीएच्या संपादकाला युनिकोड देणं जगातल्या सगळ्यात श्रीमंत सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एकीला पंचवीस वर्षांत जमू नये, याचा मला तेव्हा राग होता आणि आजही आहे.

राग आणखीही आहे. मोठ्या कंपन्यांतली मंडळी व्हीबीवाल्यांना प्रोग्रामर मानायला तयार नसायची. पुण्याच्या एका ईआरपीवाल्याने आमच्याच गिऱ्हाइकाला एका रिपोर्टमधला एक रकाना वाढवायला सहा आठवडे लावले आणि वर बिल दिलं. तेच काम आमच्या इथला मुलगा संध्याकाळपर्यंत करून द्यायचा. आणि २००२ मध्ये डॉटनेट आलं, तेव्हा व्हीबी ६ चा कोड सरळ पुढे नेता येईना. मायक्रोसॉफ्टने स्वतः गौरवलेल्या एमव्हीपींनी २००५ मध्ये जुनं व्हीबी जिवंत ठेवा म्हणून सह्यांचं निवेदन दिलं. त्याचं काही झालं नाही. एप्रिल २००८ मध्ये व्हीबी ६ च्या संपादकाचा आधार संपला. ज्यांनी त्या भाषेवर संसार उभे केले, त्यांना तो निर्णय अन्यायाचा वाटला आणि माझ्या मते तो अन्यायच होता.

नंतरची वर्षं मला फारशी आठवावीशी वाटत नाहीत. सी-शार्पमधून एक्सेल चालवायचं तर इंटरऑप असेंब्लीचा रेफरन्स जोडा, फाइल उघडायच्या एका ओळीत डझनभर ‘टाइप.मिसिंग’ भरा, हे २०१० मध्ये सी-शार्प ४ येईपर्यंत चाललं. एक्सेल २००७ ने एक्सएलएसएक्स फाइल आणली, ६५,५३६ ओळींची मर्यादा १०,४८,५७६ वर गेली, आणि एक्सेल नसलेल्या मशीनवरही शीट लिहिणाऱ्या क्लोज्डएक्सएमएल, ओपनपायएक्सेलसारख्या लायब्रऱ्या आल्या. सर्व्हरवर तोच मार्ग योग्य. तिथे एक्सेल चालवू नका असं मायक्रोसॉफ्ट पहिल्यापासून सांगत होतं. पण त्या लायब्रऱ्या फाइल लिहितात, समोर बसलेल्या माणसाचं उघडं एक्सेल त्यांना चालवता येत नाही. आणि नव्या आउटलुकमध्ये तर व्हीबीए नाही, कॉम ॲड-इन नाहीत. एक्सेलमधून थेट बिलं मेल करणाऱ्या छोट्या उद्योजकाला पर्याय म्हणून महिन्याच्या वर्गणीचं काहीतरी दाखवलं जातं. स्वतःच्या मशीनवर, कुणाची परवानगी न घेता, टिक करून शिकायची वाट एकेक फळी काढून बंद होते आहे.

म्हणून ज्यांच्या ऑफिसात जुन्या मॅक्रोंच्या फायली आहेत त्यांना सांगणं आहे. फाइलची प्रत काढून ठेवा. ऑल्ट-एफ११ दाबा, टूल्स मेनूतून रेफरन्सेस उघडा, व्हीबीस्क्रिप्टच्या नावापुढे टिक आहे का बघा. कोडमध्ये ‘क्रिएटऑब्जेक्ट’बरोबर ‘व्हीबीस्क्रिप्ट.रेजएक्स्प’ हा शब्दही शोधा, कारण लेट बाइंडिंगने जोडलेली लायब्ररी यादीत दिसत नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या आवृत्त्यांत रेजएक्स्प, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन्सचा तोच ऑब्जेक्ट, थेट व्हीबीएमध्ये आलेला आहे, तेव्हा दुरुस्ती अवघड नाही. जुन्या ऑफिसला मात्र तो मिळणार नाही, तिथे तो भाग नव्याने लिहावा लागेल. ज्याने मूळ मॅक्रो लिहिला तो माणूस गावात असेल तर आजच त्याला बोलावून घ्या, काय कुठून येतं ते त्याच्याकडून कागदावर उतरवून घ्या आणि त्या कामाचे पैसे त्याला द्या.