साहित्यसंस्था आणि तिचा दूरचा सभासद

यावलसारख्या तालुक्याच्या गावी राहणारा एखादा शिक्षक, ग्रंथपाल अथवा छापखानदार साहित्यसंस्थेची वर्गणी भरतो, तेव्हा तिच्या मोबदल्यात त्याच्या पदरात काय पडते, असा प्रश्न व्यवहारी मनुष्याच्या मनात सहज उभा राहतो. व्यापाऱ्यांचा संघ आपल्या सभासदांचे हित पाहतो, त्यांची अडचण सरकारदरबारी मांडतो. मग ज्यांचे पोट भाषेवर चालते किंवा ज्यांचे प्रेम तिच्यावर जडले आहे, त्यांच्या संघाने काय करावे?

हा प्रश्न मराठीत जुना आहे. लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ११ मे १८७८ रोजी पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरविले. एकेकट्या ग्रंथकाराला छपाईचा खर्च झेपत नसे आणि ग्राहकही मोजकेच. अशा स्थितीत चारजणांनी एकत्र बसून विचार करावा, हेच त्यावेळी मोठे पाऊल होते. नेतृत्वाचे पहिले काम येथे दिसते : विखुरलेल्यांना आपली अडचण एकच आहे, याची जाणीव करून देणे.

परंतु विखुरलेले म्हणजे कोण, हा खरा वादाचा मुद्दा होता. १८८५ साली दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क खुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आपल्या सभा व ग्रंथ यांचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ते पत्र ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. सभासदांपुरते पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेने ते आजही समोर ठेवावे, इतके ते मर्मभेदी आहे.

पुढे २७ मे १९०६ रोजी पुण्यास महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. कालांतराने नागपूर, मुंबई आणि मराठवाडा येथेही अशाच संस्था उभ्या राहिल्या, आणि १९६१ साली या चौघींचे मिळून अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ झाले. महामंडळाचे कार्यालय एकाच गावी न ठेवता घटकसंस्थांकडे तीन तीन वर्षे आळीपाळीने फिरावे, अशी योजना आहे. सत्ता एका शहरात साचू नये, हा त्यातला शहाणपणा. खानदेशाचा संबंध पुण्याच्या परिषदेशी येतो. म्हणजे यावलच्या सभासदाचा आवाज शाखेतून परिषदेकडे आणि परिषदेतून महामंडळाकडे, असा टप्प्याटप्प्याने जातो. वाटेत तो क्षीण होऊ न देणे, हे पदाधिकाऱ्यांचे काम.

या संस्थांनी दिलेला सर्वांत ठळक लाभ कोणता, असे विचारल्यास शुद्धलेखनाच्या नियमांकडे बोट दाखवावे लागेल. महामंडळाचे चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ यांवरील उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. मुलाच्या वहीतल्या चुका तपासणारा शिक्षक, खिळे जुळविणारा कामगार, मुद्रिते वाचणारा मनुष्य, सर्वांचा भार हलका झाला. यांपैकी बहुतेकांनी वर्गणी कधीच भरली नव्हती. भाषेच्या संघाचा खरा लाभ असा सभासदत्वाच्या कुंपणाबाहेर जातो, आणि तसा तो गेला म्हणजेच सभासदाची वर्गणी कारणी लागली, असे समजावे.

नेतृत्व निवडण्याच्या रीतीलाही हीच कसोटी लागते. अनेक वर्षे संमेलनाध्यक्षाची निवड मर्यादित मतदारांच्या मतदानाने होई आणि मते मागत फिरणे ज्यांच्या स्वभावात नाही, असे लेखक बाजूला राहत. २०१८ साली महामंडळाने घटना बदलून ती निवडणूक बंद केली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी डॉ. अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. मतांची याचना टळली, हे चांगले झाले. परंतु निवड थोड्यांच्या हाती आली की त्या थोड्यांनी दूरवर पाहण्याची जबाबदारीही वाढते.

दूरवर पाहणे म्हणजे काय, हे खानदेशच सांगतो. १९३६ साली जळगावी साहित्य संमेलन भरले; माधव जूलियन अध्यक्ष होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसने खेड्यातले आपले पहिले अधिवेशन घेतले. राजकारण आपण होऊन खेड्याकडे आले. साहित्य मात्र जिल्ह्याच्या गावी येऊनही तेथील एका शेतकरी घराच्या उंबऱ्यापाशी थांबले. त्या घरात छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास असलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी जात्यावर ओव्या रचीत होत्या. त्यांची कविता पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. ती आणली पुत्र सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या आस्थेने. कोणत्याही संस्थेने नव्हे.

२०२४ साली अमळनेर येथे अखिल भारतीय संमेलन भरले, तेव्हा त्याच गावी विद्रोही साहित्य संमेलनही भरले. फुल्यांचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही, याची ती खूण होय. यावलच्या सभासदाने आपल्या वर्गणीचा हिशेब जरूर मागावा. परंतु मंडपात आपल्याला कोणती खुर्ची मिळाली, एवढेच विचारून थांबू नये. आपल्या गल्लीतल्या जात्यावरची ओवी संस्थेच्या कानी पोचली की नाही, हेही त्याने विचारावे.